क्वेसार अंधुक होण्याची वाट बघताना

मी रात्री साडेदहाला झोपते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण खगोलशास्त्रात पीएच.डी. म्हटलं की समोरचा माणूस कौतुकानं विचारतो, "मग रात्रभर गच्चीवर दुर्बीण लावून बसत असशील ना?" आदर्श नगरमधल्या आमच्या गल्लीत हा प्रश्न मला दूधवाल्या भैयापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांनी विचारला आहे. त्यानंतर येतं जंतरमंतर. जयपूरला राहते आणि आकाशाचं काहीतरी करते, म्हणजे मी तिथेच नोकरीला असणार अशी पुष्कळांची पक्की समजूत आहे. पूर्वी मी नीट समजावून सांगायचे. आता "हो हो" म्हणते आणि भाजीची पिशवी उचलून चालू लागते. माझा स्वभाव तापट आहे असं आई म्हणते. तीच म्हणते, हे विशेष.

खरं काम असं आहे. मी क्वेसार बघते, आणि तेही क्ष-किरणांत. क्ष-किरण आपल्या हवेतून खाली पोचतच नाहीत, त्यामुळे गच्चीचा काही उपयोग नाही. दुर्बीण उपग्रहावर बसवून वर पाठवावी लागते. ती बघते, बघितलेलं खाली पाठवते, आणि मी ते आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून दिवसाउजेडी वाचते. एका बाजूला आई गवार मोडत असते, दुसऱ्या बाजूला बाबा पेपर वाचत असतात. माझं आकाश म्हणजे आकड्यांच्या फायली.

क्वेसार म्हणजे फार लांबच्या एखाद्या दीर्घिकेचा गाभा. मधोमध एक अवाढव्य कृष्णविवर, आणि त्यात पडायच्या आधी त्याच्याभोवती गरगर फिरून तापलेला वायू. तो इतका झळाळतो की बाकीची दीर्घिका त्याच्यापुढे दिसतसुद्धा नाही. अगदी आतल्या भागातून क्ष-किरण येतात. बहुतेक क्वेसार थोडेफार कमीजास्त होत असतात, त्यात नवल नाही. पण काही महाभाग असे असतात की आज जेवढे दिसले त्याच्या दहाव्या हिश्शावर पुढच्या आठवड्यात येतात, आणि मग पुन्हा काही झालंच नाही अशा थाटात वर चढतात. हे का होतं यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, आतली भट्टीच मंदावते. दुसरा म्हणतो, भट्टी आहे तशीच असते, मध्ये वायूचा ढग आडवा येतो. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण या एकाच प्रश्नावर होतं. मी निवडलेल्या क्वेसारमध्ये भट्टी, की ढग?

ते ठरवायचं तर तो अंधुक झालेला असतानाच त्याच्याकडे खूप वेळ टक लावून बघायला हवं. ढग असेल तर तो सौम्य क्ष-किरण आधी गिळतो आणि कडक तेवढे पलीकडे सोडतो. भट्टी मंदावली असेल तर कमीअधिक सगळेच उतरतात. एवढं बारीक बघायला मोठी दुर्बीण लागते, आणि मोठ्या दुर्बिणीसाठी जगभरातून रांग लागलेली असते. माझा अर्ज मंजूर झाला तो असा: एक लहान उपग्रह दर चार दिवसांनी माझ्या क्वेसारकडे वीसेक मिनिटं बघेल. तो नेहमीच्या एकतृतीयांशाच्या खाली गेला की मी मोठ्या दुर्बिणीला हाक मारायची, आणि ती हातातलं काम सोडून पूर्ण एक दिवस त्याच्याकडे बघेल. या हाकेला आमच्यात ट्रिगर म्हणतात. ट्रिगर एकच, आणि मुदत एक वर्षाची. वर्ष संपलं की हक्क संपला.

अकरा महिने तो पठ्ठ्या झळाळत राहिला. मागच्या सगळ्या नोंदींत कसा चंचल, कसा लहरी, म्हणून तर मी त्याला निवडला होता. माझ्या वाट्याला आला आणि एकदम संसारी झाला. आई रोज सकाळी चहा देताना विचारायची, "तुझा तो कसा आहे?"

"चांगला आहे."

"मग तोंड का असं तुझं?"

"तो चांगला आहे म्हणूनच."

आईबाबा मूळचे सांगलीचे. बाबा विमा कंपनीत दावे तपासायचे, मी तिसरीत असताना त्यांची इथे बदली झाली, दोन वर्षांसाठी म्हणून. ती दोन वर्षं अजून संपायची आहेत. घरात आम्ही सांगलीचं मराठी बोलतो आणि जिथे जिथे ते विरलंय तिथे हिंदीचं ठिगळ लावतो. आई दर दुसऱ्या वाक्यात 'मतलब' म्हणते आणि कोणी दाखवून दिलं तर साफ नाकारते. माझी संस्था दुसऱ्या शहरात, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्यावर मी घरी येऊन राहिले. प्रबंध इथूनच लिहायचा, आठवड्यातून एकदा मॅडमशी, म्हणजे माझ्या मार्गदर्शकांशी, व्हिडिओवर बोलायचं, आणि सकाळी गोपालपुऱ्याच्या एका कोचिंग क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचं, असा माझा दिनक्रम होता. तिथली मुलं गुणी आहेत. मी उत्साहानं काही सांगायला लागले की पुढच्या बाकावरून शांतपणे प्रश्न येतो, "मैम, ये एग्ज़ाम में आएगा?" नाही म्हटलं की सगळे पेन खाली ठेवतात.

या कोचिंगमुळेच मी एक उद्योग करून ठेवला होता. उपग्रहाकडून आलेला डेटा नीट शिजवायला तास-दीड तास लागतो, आणि सकाळी तेवढा वेळ माझ्याकडे नसायचा. म्हणून मी एक चटपटीत प्रोग्रॅम लिहिला. तो संस्थेच्या संगणकावर आपोआप चालायचा, बारीकसारीक पायऱ्या गाळायचा आणि क्वेसार किती तेजस्वी आहे तो आकडा माझ्या फोनवर पाठवून द्यायचा. नीट काम मग मी दुपारी घरी आल्यावर करायचे. माझ्या हुशारीवर मी फार खूश होते.

मुदतीला साडेतीन आठवडे उरले होते. श्रावण लागला होता. दोन तासिकांच्या मध्ये शिक्षकांच्या खोलीत मी समोसा खात होते आणि फोन वाजला. नेहमीचं तेज शंभर धरलं तर आलेला आकडा वीस होता. मी समोसा खाली ठेवला. पुन्हा बघितलं. वीसच. क्वेसारची जागा बरोबर होती, आजूबाजूच्या आकाशाची खरखर नेहमीएवढी होती, वेळ पुरेसा मिळाला होता. मॅडमना फोन लावला, त्या विमानतळावर होत्या, मागून घोषणा ऐकू येत होत्या.

"नीट तपासलंस ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मग पाठव. थांबू नकोस."

मी तिथेच, तेलकट बोटांनी, अर्ज भरला आणि ट्रिगर पाठवून दिला. पुढच्या तासिकेला मी मुलांना न विचारता क्वेसार म्हणजे काय ते सांगितलं. कोणीच पेन उचललं नाही, आणि मला त्याचं काहीही वाटलं नाही.

घरी येईपर्यंत आईनं गल्ली जागी केली होती. मी रिक्षातून फोन केला होता, तेवढं तिला पुरेसं होतं. तीजेच्या सणाचे दिवस, दुकानांतून घेवराचे, म्हणजे इथल्या त्या जाळीदार मिठाईचे, ढीग लागलेले. तिनं मोठा घेवर आणला, तुकडे केले आणि तीन घरी स्वतः नेऊन दिले. काय झालं ते तिला नीट सांगता येत नव्हतं, म्हणून तिनं सांगितलं की बेटीनं ज्याची वर्षभर वाट बघितली ते अखेर घडलं. शेजारच्या आंटीजींनी मिठी मारून मुलगा काय करतो ते विचारलं. ते निस्तरायला आईला आणखी दहा मिनिटं लागली. या गडबडीत माझं दुपारचं नीट काम राहूनच गेलं.

संध्याकाळी बाबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ते नेहमीच असं ऐकतात, मान किंचित वाकडी करून, जणू समोरच्याच्या दुकानाला आग लागली आहे. मग म्हणाले, "जागा बघितलीस?"

"बाबा, तिथून प्रकाश यायलाच काही अब्ज वर्षं लागतात. जागा कसली बघू?"

"तिथली नव्हे गं. तू कुठे उभी राहून बघितलंस, ती जागा."

मी चिडले. पाच वर्षं या विषयात घालवलेल्या माणसाला असला प्रश्न? बाबा चिडले नाहीत. त्यांनी मला एका रजईवाल्याची गोष्ट सांगितली. नोकरीच्या सुरुवातीला त्याच्या गोदामाला आग लागली होती. बाबा स्वतः गेले नाहीत, दारातून काढलेले फोटो बघितले आणि लिहून मोकळे झाले की हा सांगतो तेवढा माल इथे नव्हताच, हा खोटं बोलतो. नंतर कशाला तरी तिथे जावं लागलं तर दिसलं की दारात उभं राहिलं की मधला जाड खांब अर्धं गोदाम झाकतो. "मग मी साहेबांना लिहून दिलं की माझा अहवाल चुकला," बाबा म्हणाले. "आणि त्या माणसाच्या दुकानात जाऊन त्याला सांगितलं. त्यानं चहा पाजला. तो चहा काही घशाखाली जाईना."

मी म्हटलं, माझा उपग्रह आहे, दारातला फोटोग्राफर नाही. आणि तोऱ्यात जाऊन झोपले.

सकाळी उठून लॅपटॉप उघडला तो केवळ बाबांचं तोंड बंद करायला. आधी मेल बघितली. मोठ्या दुर्बिणीचं वेळापत्रक लावणाऱ्यांनी माझी विनंती मान्य केली होती. उद्या संध्याकाळी निरीक्षण सुरू होईल, काही बदल असल्यास आज रात्रीपर्यंत कळवा. मग मी लहान उपग्रहाच्या कॅमेऱ्याचं मूळ चित्र उघडलं. माझ्या प्रोग्रॅमनं गाळलेली पायरी हीच होती.

त्या कॅमेऱ्याच्या चिपवर काही उभ्या रांगा मेलेल्या आहेत. पूर्वी कधीतरी अवकाशातला धुळीचा कण येऊन आदळला आणि तेव्हापासून त्या रांगांना काही दिसत नाही. ही गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. उपग्रह दर वेळी जरा वेगळा कलतो, क्वेसार चिपवर जरा वेगळ्या जागी पडतो, आणि कधीतरी नेमका मेलेल्या रांगेवर पडतो. मग त्याचा बराचसा प्रकाश वाया जातो आणि तो अंधुक झाल्यासारखा वाटतो. त्यावर साधी दुरुस्ती आहे, ती लावली की आकडा पूर्ववत होतो. मी ती लावली. आकडा आला सत्त्याण्णव.

क्वेसार होता तसा होता. भट्टी नाही, ढग नाही, काही नाही. खांबाआड मी उभी होते. आणि यावर कडी म्हणजे दर वर्षी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये नव्या मुलांना 'मेलेल्या रांगांपासून सावध राहा' हा तास मीच घेते.

पहिल्यांदा लाज वाटली, कानांपर्यंत. आणि तिच्या पाठोपाठ तो विचार आला. खोटं कशाला बोलू, लगेच आला. मी कोणालाच काही सांगितलं नाही तर? उद्या मोठी दुर्बीण बघणार, तिला क्वेसार झगझगीत दिसणार. लोक म्हणणार, हा कुठे अंधुक आहे? मी म्हणणार, दोन दिवसांत वर आला असेल, हे असेच तर असतात, म्हणून तर आपण त्यांचा अभ्यास करतो. एकाही माणसानं भुवई उचलली नसती. चंचल गोष्टींचा अभ्यास करणाऱ्यांना थाप मारायची एवढी उत्तम सोय आहे हे मला त्या दिवसापर्यंत सुचलं नव्हतं. पूर्ण एक दिवसाचा डेटा हातात आला असता. अंधुक नसला तरी प्रकरण भरलं असतं. आणि विनंती मागे घेतली तर? उरले साडेतीन आठवडे, तो त्यात अंधुक होण्याची आशा जवळजवळ नाही, आणि शेवटचं प्रकरण गेलं. मॅडमना फोन केला असता तर प्रश्न मिटला असता, म्हणूनच मी तो केला नाही.

इतक्यात आई दारात. जरीकाठाची साडी, हातात पिशवी, पिशवीत नारळ. "चल, आवर. आमेरला देवीला जायचंय. मी बोलले होते." कधी बोलली होती, कुणाशी बोलली होती, हे विचारायची सोय नव्हती. बाबा पेपरामागे होते. त्यांनी काही विचारलं नाही, आणि मला त्याचाच राग आला.

आमेरच्या बसमध्ये आईला खिडकी मिळाली. ती इतकी आनंदात होती की माझ्यानं तिच्याकडे बघवेना. पलीकडच्या सीटवरच्या बाईला तिनं सांगायला सुरुवात केली की हमारी बेटी का काम हो गया, आणि मी तिचा हात धरला.

"आई, थांब. ते झालेलं नाही."

"मतलब?"

मी सांगितलं. चिप, मेलेल्या रांगा, गाळलेली पायरी, सगळं. तिला चिप कळली नाही, पण बाकीचं मला वाटलं त्याहून लवकर कळलं.

"मतलब तो कमी झालाच नाही."

"नाही."

"आणि तू त्या लोकांना कळवलंस की झाला."

"हो."

"मग आता कळव की नाही झाला."

"मग माझं प्रकरण जाईल, आई. आणि गप्प बसले तर कोणाला कळणार पण नाही." हे मी मोठ्यानं बोलले तेव्हा मला ते फार घाणेरडं वाटलं. मनात असताना तेवढं नव्हतं.

आईनं मांडीवरची नारळाची पिशवी नीट केली. बस जलमहालाच्या कडेनं जात होती. मग तिनं विचारलं, "तुला उद्याची वेळ दिली त्यांनी. ती वेळ आधी कोणाची होती?"

"असेल कोणाची तरी. त्याचं पुढे ढकललं असेल."

"त्यालाही आई असेल की," ती म्हणाली.

आमेरला उतरलो, चढ चढलो, आणि देवळाच्या पायऱ्यांवर सावली बघून मी बसले. ऊन इतकं की फोनवरचं काही दिसेना. आईनं पदर पसरून माझ्या डोक्यावर आणि फोनवर धरला, आणि त्या तंबूत बसून मी मेल लिहिली. माझ्या प्रोग्रॅममध्ये दुरुस्तीची पायरी गाळली होती, क्वेसार अंधुक झालेला नाही, कृपया निरीक्षण रद्द करावं, झालेल्या त्रासाबद्दल क्षमस्व. मॅडमना प्रत.

"माफी मागितलीस?" वरून आवाज आला.

"हो."

"एकदाच ना? उगाच लोळण घेऊ नकोस."

मी पाठवून दिलं. मग आईपुढे नवीनच प्रश्न उभा राहिला. ज्यासाठी नवस बोलली होती ते तर झालंच नव्हतं, आता देवीला काय सांगायचं? मी म्हटलं, जे झालं ते सांग. ती आत गेली आणि नेहमीपेक्षा बराच वेळ उभी राहिली. बाहेर आल्यावर म्हणाली, "नारळ ठेवला. म्हटलं, आणलाय तर घे."

परतीच्या बसमध्ये उत्तर आलं. वेळेवर कळवल्याबद्दल आभार, निरीक्षण काढून टाकलं आहे, तुमचा ट्रिगर वापरला गेला नाही, मुदतीपर्यंत तो तुमचाच. मला हायसं वाटलं, आणि लगेच मॅडमचा फोन. त्या म्हणाल्या, "वर्कशॉपमध्ये तो तास तूच घेतेस ना?"

"हो, मॅडम."

"पुढच्या वर्षी उदाहरण शोधायला लागणार नाही."

घरी आल्यावर खरी परीक्षा होती. आई म्हणाली, वाटलेला घेवर काय परत मागायचा? गप्प बस, चार दिवसांत विसरतील. पण एकदा खरं बोलायला लागल्यावर माझ्या अंगात आलं होतं. मी तिन्ही घरी गेले. शेजारच्या आंटीजींना सांगितलं, "आंटीजी, कल जो बताया था, वो मेरी गलती थी. कुछ हुआ नहीं था." त्या झोपाळ्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाल्या, "तो क्या हुआ बेटा, घेवर तो असली था." आणि मूठभर दाणे माझ्या हातात ठेवले. बाबांना सांगितलं तर ते "बरं झालं" म्हणाले आणि चहा टाकायला उठले. एवढंच. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं, पण आमच्या घरात तशी पद्धत नाही, म्हणून मी त्यांच्या चहात जास्तीचं आलं किसलं.

पुढचे साडेतीन आठवडे मी प्रत्येक डेटा नीट शिजवला, दुरुस्तीसकट, चित्रासकट. तो चटपटीत प्रोग्रॅम पुसून टाकला. क्वेसार झळाळत राहिला. अठ्ठ्याण्णव, एकशेतीन, पंच्याण्णव. मुदतीच्या शेवटच्या दिवशी आकडा होता एकशेएक. मी बाथरूममध्ये नळ सोडून अगदी साग्रसंगीत रडले. बाहेर आले तेव्हा आईनं काही न विचारता थालीपीठ वाढलं, आणि मी तीन खाल्ली.

ट्रिगर संपला तरी लहान उपग्रहाचं बघणं चालूच होतं. आणि मग, मुदत संपून तेरा दिवस झाल्यावर, तो अंधुक झाला. खराखुरा. मी दुरुस्ती लावली, चित्र बघितलं, पुन्हा सगळं पहिल्यापासून केलं. सव्वीस. मेलेल्या रांगा कितीतरी लांब. मी जे तोंडातून काढलं ते खास सांगलीचं होतं आणि इथे लिहिता येणार नाही. बाबांनी पेपर खाली घेऊन माझ्याकडे बघितलं, कारण तो शब्द मी त्यांच्याकडूनच शिकले होते. मग मी बसून सगळ्यांसाठी एक जाहीर सूचना लिहिली, की हा क्वेसार आत्ता अंधुक आहे, ज्याला शक्य असेल त्यानं बघावं. एकदोन लहान दुर्बिणींनी बघितलं. मोठी कुठलीच मोकळी नव्हती. आठ दिवसांनी तो परत वर आला. भट्टी की ढग, मला अजून माहीत नाही.

शेवटचं प्रकरण झालं, पण तोकडं. एका चंचल क्वेसारचं एक अत्यंत शिस्तीचं वर्ष. मॅडम म्हणाल्या, जे आहे ते लिही. तोंडी परीक्षेला आईबाबा जयपूरहून आगगाडीनं आले. परीक्षा खुली असते, कोणालाही बसता येतं, म्हणून दोघं मागच्या रांगेत बसले. आईच्या पायाशी पिशवी, पिशवीत संपूर्ण विभागाला पुरेल एवढ्या शंकरपाळ्या.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते आणि त्यांच्याबद्दल मी ऐकलेलं सगळं खरं निघालं. त्यांनी पहिल्या चार प्रकरणांची सालं काढली. पाचव्यावर आले तेव्हा दीड तास झाला होता आणि माझे पाय दुखत होते.

"तर मग, भट्टी की ढग?" त्यांनी विचारलं.

"माहीत नाही, सर."

"एवढ्या वर्षांनंतर?"

"हो सर."

त्यांनी प्रबंध मिटला आणि त्यावर हात ठेवला. "या एवढ्या पानांत असं एक तरी वाक्य आहे का, जे तुम्ही डोळे झाकून खरं म्हणाल?"

मला विचार करावा लागला नाही. पाचव्या प्रकरणात तळटीप आहे, दोन ओळींची. मी रद्द केलेल्या ट्रिगरबद्दल. मी म्हटलं, "आहे सर. त्या सकाळी तो अंधुक झाला नव्हता."

"त्याची एवढी खात्री कशावरून?"

"कारण तो अंधुक झालेला असावा अशी माझी फार इच्छा होती," मी म्हटलं. "आणि तरी तो नव्हता."

परीक्षक हसले नाहीत, मानही हलवली नाही. त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी लिहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि म्हणाले, "बसा आता, दमला असाल." मागच्या रांगेतून डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. आईच्या मते परीक्षा संपली होती.